गिझर : दुरुस्त करावा की बदलावा?

२०२० च्या जानेवारीतली गोष्ट. मी आणि सौ. मालवणला मुलीकडे गेलो होतो. सकाळी सातचा सुमार. माझा सहा वर्षांचा नातू अंघोळीसाठी न्हाणीघरात शिरला आणि लगेच धावत बाहेर आला. म्हणाला, ‘‘आजोबा, पाणी चावतंय!’’

घरातली मंडळी हसली. मला मात्र हसू आलं नाही. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना धातुशास्त्र शिकवलं आहे, आणि पाणी कधी चावतं हे मला ठाऊक होतं. पोराला लांब उभं केलं, टेस्टर आणून नळाला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. मेन स्विच खाली ओढला आणि मगच श्वास सोडला. नातू पायात रबरी स्लिपर घालून आत गेला होता, म्हणून चावण्यावर निभावलं. तो अनवाणी असता, ओल्या फरशीवर उभा असता, तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

हा गिझर मला परका नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये सांगलीतल्या एकाच दुकानातून आम्ही दोन गिझर घेतले होते. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, २५ लिटरचे. एक आमच्या विश्रामबागच्या घरात बसला. दुसरा मुलीच्या नव्या घरासाठी गाडीच्या डिकीतून फोंडा घाट उतरून मालवणला गेला. जुळी भावंडंच म्हणा ना. त्यातला मालवणचा चार वर्षांत असा वागला. विश्रामबागचा आणखी दोन वर्षं टिकला आणि २०२२ च्या पावसाळ्यात गेला. दोघांच्या आजाराची कारणं मात्र अगदी उलटी होती. गिझर दुरुस्त करावा की नवीन घ्यावा, हा प्रश्न दर थंडीत आपल्यापैकी अनेकांना पडतो. त्याचं उत्तर या दोन कारणांत दडलेलं आहे, म्हणून दोन्ही सविस्तर सांगतो.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तेव्हा शब्दांनीच गिझर उघडून दाखवतो. बाहेर दिसतो तो पांढरा डबा म्हणजे नुसता अंगरखा. त्याच्या आत थर्मासच्या बाटलीसारखा फोमचा जाड थर असतो आणि त्याच्याही आत पाण्याची टाकी. ही टाकी बहुधा साध्या पोलादाची असते आणि तिला आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो. काहींमध्ये ती स्टेनलेस स्टीलची असते. पूर्वी तांब्याच्या टाक्याही येत. टाकीच्या बुडाशी एक गोल झाकण असतं. त्या झाकणातून कॉइल आत जाते, थर्मोस्टॅट आत जातो आणि आणखी एक सळई आत जाते. या तिसऱ्या सळईबद्दल विकणारा सहसा बोलत नाही आणि घेणारा सहसा विचारत नाही. तिच्याकडे नंतर येतो.

मालवणला त्याच दिवशी गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने गिझर भिंतीवरून उतरवला आणि खालचं झाकण काढलं. डब्याची खालची कड हाताने चुरगळावी इतकी सडली होती. स्क्रू तांबेऱ्याने असे धरले होते की दोन तर छिन्नीने तोडावे लागले. कॉइलच्या टोकांवर पांढरट-हिरवट बुरा साचला होता. अर्थिंगची तार ज्या स्क्रूखाली दाबलेली असते तो स्क्रू जागेवर होता, पण त्याच्याखालची चकती गळून पडली होती. म्हणजे अर्थिंग होतं, पण नावापुरतं. मिस्त्रीने टॉर्च मारून टाकी आतून पाहिली आणि म्हणाला, ‘‘सर, टाकी बरी आसा. भायलो पत्रो खाऱ्या वाऱ्यान खाल्लो.’’ त्याने एका वाक्यात निदान केलं. माझ्याकडे राहिलं ते फक्त ‘का?’चं उत्तर देणं.

समुद्राची लाट फुटते तेव्हा पाण्याचे बारीक तुषार हवेत उडतात. पाणी वाळतं, मिठाचे कण वाऱ्याबरोबर आत गावात येतात आणि मिळेल त्या पत्र्यावर, तारेवर, खिडकीच्या गजावर बसतात. आता मिठाचा एक गुण स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. कोकणात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता याच्या वरच असते, एरवीही रात्री-पहाटे असते. न्हाणीघरात तर बारा महिने वाफ. म्हणजे तिथल्या पत्र्यावर कायम खाऱ्या पाण्याचा एक न दिसणारा पापुद्रा असतो. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. मीठ विरघळलेलं असलं की त्या पाण्यातून विजेचे सूक्ष्म प्रवाह सहज वाहतात आणि गंजण्याचा वेग कितीतरी वाढतो. तोच खारा पापुद्रा कॉइलच्या टोकांवर बसला. तिथून वीज हळूच सरकत टाकीच्या अंगावर आली आणि पाण्यात, नळात उतरली. अर्थिंग शाबूत असतं तर ती जमिनीत निघून गेली असती. नव्हतं, म्हणून ती नातवाच्या बोटातून वाट शोधत होती.

समुद्रापासून जसजसं आत यावं तसतसं हवेतलं मीठ झपाट्याने कमी होतं. पहिल्या काहीशे मीटरमध्ये सर्वांत जास्त. त्यामुळे मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरी, अलिबाग इथल्या किनाऱ्यालगतच्या घरात जे घडतं ते कणकवलीला तितकं घडत नाही. मुंबईला माहीम, वर्सोव्याच्या समुद्राकडे तोंड केलेल्या फ्लॅटमध्ये मात्र घडतं. तिथली मंडळी एसीच्या बाहेरच्या यंत्राबद्दल ही तक्रार करतात. गिझर न्हाणीघरात झाकलेला असतो म्हणून तो लक्षात येत नाही, एवढंच.

आता विश्रामबाग. आमचा गिझर बाहेरून अखेरपर्यंत नव्यासारखा पांढराशुभ्र होता. सौ. दर दिवाळीला तो पुसायची. पण २०१९ च्या सुमारास पाणी तापायला जास्त वेळ लागू लागला. मग गिझरमधून कढईत लाह्या फुटाव्यात तसा आवाज येऊ लागला. २०२२ च्या जुलैमध्ये एका सकाळी न्हाणीघराच्या भिंतीवरून तांबूस ओघळ उतरला. मिस्त्रीने बुडाचं झाकण खोललं आणि घमेलं पुढे धरलं. आतून पांढऱ्या खपल्या, चुरा आणि चिखल असा मिळून दीड किलो ऐवज निघाला. कॉइल ओळखू येत नव्हती, तिच्यावर बोटभर जाड थर होता. आणि ती तिसरी सळई? तिच्या जागी एक बारीक तार लोंबत होती.

आपल्याकडे हवा खारी नसली तरी पाणी जड आहे. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. कृष्णाकाठची काळी जमीन, खाली काळा पाषाण आणि पिढ्यान् पिढ्या उसाला पाजलेलं पाणी. ‘क्षारपड’ हा शब्द मिरज-वाळव्याच्या शेतकऱ्याला रडवणारा आहे. शेतात जे वर येतं तेच बोअरच्या पाण्यातून आपल्या न्हाणीघरात येतं. आम्ही विश्रामबागची माणसं प्यायला महापालिकेचं पाणी वेगळं ठेवतो आणि वापरायच्या टाकीत बोअर सोडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं अशी सवलत आहे. आमच्या बोअरचं पाणी मी स्वतः तपासलं होतं, तेव्हा ते त्या सवलतीच्या रेषेच्या आसपास होतं. साबणाला फेस येत नाही तेव्हाच हे ओळखावं.

अशा पाण्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापवलं की ते विरघळलेले राहत नाहीत, चुनखडी होऊन बाहेर पडतात आणि जिथे सर्वांत गरम असेल तिथे, म्हणजे कॉइलवर, जाऊन बसतात. चहाच्या पातेल्यात, कुकरच्या तळाला बसणारा पांढरा थर तो हाच. तापमान ६० अंशांच्या पुढे गेलं की ही क्रिया जोरात होते. चुनखडी उष्णता नीट वाहू देत नाही. त्यामुळे आतली कॉइल लाल होईतो तापते, पण पाणी मात्र सावकाश तापतं. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती फुटते, तोच लाह्यांचा आवाज. शेवटी कॉइल स्वतःच्याच उष्णतेने जळते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दर वर्षी कॉइल बदलली आणि दर वर्षी कंपनीला शिव्या दिल्या. कंपनीचा दोष नव्हता, बोअरचा होता.

आता ती सळई. तिला मिस्त्री लोक एनोड रॉड म्हणतात. ती मॅग्नेशियमची असते, मधून पोलादाची तार गेलेली. तिचं काम एकच, टाकीऐवजी स्वतः झिजणं. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात बुडाले आणि एकमेकांना जोडलेले असले की त्यातला अधिक चंचल धातू विरघळतो आणि दुसरा वाचतो. लोखंड आणि मॅग्नेशियम यांत मॅग्नेशियम चंचल. टाकीच्या काचेच्या मुलाम्याला कुठे ना कुठे, विशेषतः जोडाच्या जागी, सुईच्या टोकाएवढी भोकं असतातच. तिथलं उघडं लोखंड गंजायला हवं, पण जोवर सळई शिल्लक आहे तोवर गंज सळई स्वतःवर घेते.

ही युक्ती मुळात समुद्रावरची आहे, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारलेला असे आणि खाऱ्या पाण्यात तो झिजत असे. सर हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाकडे ते काम आलं. त्यांनी १८२४ मध्ये दाखवून दिलं की तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडले की ते तुकडे झिजतात, तांबं शाबूत राहतं. प्रयोग इतका यशस्वी झाला की फसला. झिजणाऱ्या तांब्यातून उतरणारं विष बंद झालं, त्यामुळे तळाला शेवाळ आणि कालवं भरमसाट चिकटली आणि जहाजं मंदावली. आरमाराने तो नाद सोडला, पण तत्त्व टिकलं. आज लोखंडी बोटींच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याच कारणासाठी. तेच तत्त्व तुमच्या-माझ्या न्हाणीघरात भिंतीवर टांगलेलं आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

मालवणच्या गिझरमधली सळई आम्ही काढून पाहिली होती. चार वर्षांनंतरही ती निम्म्याहून जास्त शिल्लक होती. मुलीच्या घरची विहीर उंचावर, जांभ्यात खोदलेली. जांभ्यातलं पाणी हलकं असतं, त्यात क्षार फार कमी. म्हणून टाकी आतून ठणठणीत आणि कॉइल स्वच्छ. विश्रामबागला क्षारांनी भरलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे सळई भराभर संपली. कधी संपली ते आम्हाला कळलंच नाही. ती संपल्यावर गंजाने आपला मोर्चा टाकीकडे वळवला. थोडक्यात, कोकणातला गिझर बाहेरून आत कुजतो आणि देशावरचा आतून बाहेर. खाडीच्या काठी विहिरीला खारं पाणी शिरलेलं असेल तर मात्र दोन्हीकडून.

आता मूळ प्रश्न. पाणी तापत नाही, एवढ्यावरून गिझर भंगारात काढू नये. कॉइल, थर्मोस्टॅट, त्याच्याजवळचा कटआऊट, झाकणाचं रबरी गॅस्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह, वायर, हे सगळे बदलायचे भाग आहेत आणि ते मिळतात. यांपैकी काहीही बिघडलं तर दुरुस्ती करावी. एकच अट, झाकण उघडलं की गॅस्केट नवं टाकायचं. जुनंच परत बसवणारे मिस्त्री पुढच्या महिन्यात परत येतात.

पाणी गळत असेल तर घाई न करता ते नेमकं कुठून येतंय ते पाहावं. पुष्कळदा गळती वरच्या-खालच्या जोडपाइपची असते किंवा मधल्या लोखंडी निपलची. तो भाग कुजतो आणि माणसं टाकी फुटली समजून नवा गिझर आणतात. झाकणाभोवती ओलं असेल तर गॅस्केट. पण जोड कोरडे आहेत, झाकण कोरडं आहे आणि डब्याच्या आतून, फोममधून तांबूस पाणी झिरपतंय, तर ती टाकी. तिथे दुरुस्ती नाही. वेल्डिंग करून देणारे भेटतात. मीही मोहात पडलो होतो, कारण बाहेरून गिझर देखणा होता. पण वेल्डिंगच्या उष्णतेने आतला काचेचा मुलामा भोवतालून तडकतो आणि एका भोकाच्या जागी वर्षभरात चार होतात. माझ्याच विषयातली ही गोष्ट, तरी मिस्त्रीने ती मला सांगावी लागली. विश्रामबागचा गिझर बदलला.

मालवणचा गिझर आतून धडधाकट होता. जावई म्हणाले, ‘‘बाबा, डबा रंगवून घेऊ आणि वापरू.’’ हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. पण डब्याची जी कड भिंतीवरच्या हुकाला अडकते तीच सडली होती, आणि भरलेला २५ लिटरचा गिझर सहज ३५ किलोच्या घरात जातो. तो डोक्यावर टांगायचा होता. शिवाय विजेचे सगळे जोड खारावलेले. आम्ही तोही बदलला. टाकी चांगली असूनही गिझर बदलावा लागतो, असा हा प्रकार किनाऱ्यावरच बघायला मिळतो.

इथे सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की साधारण दीड टक्का. २५ लिटरमध्ये ते जवळपास पावणेचारशे मिलिलिटर झालं, म्हणजे दोन फुलपात्री. गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे हे फुगलेलं पाणी कुठून तरी बाहेर यावंच लागतं. ते सेफ्टी व्हॉल्व्हच्या बारीक नळीतून थेंब थेंब येतं. याला गळती समजून काही ठिकाणी त्या नळीला डमी मारून टाकतात. मी हे एका नातेवाइकांच्या घरी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यात थर्मोस्टॅट चिकटला आणि वीज बंदच झाली नाही, तर आत वाफेचा दाब चढत जातो. गिझर फुटल्याच्या बातम्यांमागे बहुधा ही जोडी असते, बंद पडलेला व्हॉल्व्ह आणि चिकटलेला थर्मोस्टॅट. जड पाण्यात तर डमी न मारताही व्हॉल्व्ह चुनखडीने घट्ट बसतो. त्याला एक छोटी दांडी असते. महिन्यातून एकदा ती उचलून पाणी येतं का बघावं. आपल्या जुन्या तांब्याच्या बंबाला ही भानगड नव्हती. त्याचं तोंड वरून उघडं, दाब साचणारच कुठे! चिपाडं, शेणी, काय मिळेल ते घालावं आणि धुरासकट त्याचे लाड करावेत. भारनियमनाच्या वर्षांत कितीतरी घरांत माळ्यावरचे बंब पुन्हा खाली उतरले होते.

विजेचा मुद्दा नातवामुळे माझ्या मनात कायमचा बसला आहे. २ किलोवॅटचा गिझर सुमारे पावणेनऊ अँपिअर वीज घेतो. त्याच्यासाठी बसवलेला एमसीबी १६ अँपिअरचा. माणसाचा जीव घ्यायला एक दशांश अँपिअरसुद्धा पुरे होतो. म्हणजे माणूस चिकटला तरी एमसीबीला त्याची दखलही नसते. तो वायर जळू नये म्हणून आहे, माणूस मरू नये म्हणून नाही. त्यासाठी आरसीसीबी नावाचा वेगळा स्विच लागतो. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा तो हिशेब ठेवतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात तोडतो. मुलीच्या घरी नवीन वायरिंग होतं, महागडे दिवे होते, हा स्विच नव्हता. आता दोन्ही घरी आहे. त्यावर एक टेस्ट बटण असतं. मी दर महिन्याच्या एक तारखेला ते दाबतो आणि घड्याळं, टीव्ही बंद पडतात म्हणून सौ.ची बोलणी खातो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमचं विश्रामबाग उंचावर असल्याने बचावलं, पण गावभागातल्या नातेवाइकांचं घर माडीपर्यंत पाण्यात होतं. पूर ओसरल्यावर त्यांनी फ्रिज, टीव्ही टाकून दिले आणि गिझर मात्र ‘पाण्याचीच तर वस्तू’ म्हणून लगेच चालू करायला निघाले होते. टाकीला पुराने काही होत नाही, हे खरं. पण झाकणाखालच्या जोडांत गाळ भरतो, थर्मोस्टॅटमध्ये पाणी शिरतं आणि जुन्या गिझरमध्ये फोमऐवजी ग्लासवूल असेल तर ते महिनोन् महिने ओलं राहून डबा आतून कुजवतं. कोकणात चार वर्षांत होतं ते पुराच्या पाण्याने एका पावसाळ्यात होतं. इलेक्ट्रिशियनकडून मेगरने तपासून घेतल्याशिवाय असा गिझर चालू करूच नये.

गॅस गिझर घेऊ का, असं मला बरेच जण विचारतात. बोअरचं पाणी असेल तर त्याच्या बारीक तांब्याच्या नळ्या लवकर तुंबतात आणि किनाऱ्यावर बर्नर गंजतो. पण खरी भीती वेगळी आहे. ‘गिझर’ हे नावच मुळी एका गॅसच्या बंबाचं. लंडनच्या बेंजामिन मॉनने १८६८ मध्ये तो काढला आणि आइसलँडच्या उष्ण फवाऱ्यांवरून त्याला हे नाव दिलं. त्याला धूर बाहेर जायची वाटच ठेवलेली नव्हती. दीडशे वर्षांनंतरही आपण बंद न्हाणीघरात तेच करतो. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. दर थंडीत अशा बातम्या येतात. घ्यायचाच असेल तर गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत बसवावा आणि फक्त पाइप आत आणावा. याला दुसरा पर्याय नाही.

नवा विजेचा गिझर घेताना मी काय पाहिलं ते सांगतो. मालवणसाठी प्लॅस्टिकचा डबा, पत्र्याचा नाही. जाहिरातीत स्टेनलेस टाकीचा मोठा गाजावाजा असतो, पण स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं असं नाही. गरम, खारट पाण्यात त्याच्या वेल्डिंगला सुईएवढे खड्डे पडतात आणि आरपार जातात. खाऱ्या विहिरीच्या गावात मी काचेचा मुलामा आणि जाड सळई हीच जोडी पसंत करीन. गिझर खिडकीसमोर बसवू नये, समुद्राचा वारा थेट अंगावर घेऊ नये. विजेचे जोड वर्षातून एकदा उघडून, पुसून, घट्ट करून घ्यावेत, अर्थिंगचा सर्वांत आधी. लेबलवरच्या ताऱ्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. तारे सांगतात ते टाकी उष्णता किती राखून ठेवते एवढंच. तापवायला लागणारी वीज सगळ्यांना जवळपास सारखीच. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे सव्वा युनिट लागतं, गिझर कुठलाही असो. अंघोळीआधी अर्धा तास लावून लगेच बंद करणाऱ्याला ताऱ्यांचा फारसा फायदा नाही. दिवसभर चालू ठेवणाऱ्या घराला नक्कीच आहे.

विश्रामबागच्या नव्या गिझरसाठी मी पैसे गिझरवर कमी आणि प्लंबिंगवर जास्त खर्च केले. गच्चीवर एक वेगळी छोटी टाकी ठेवून गिझरला फक्त महापालिकेचं पाणी जोडलं. थर्मोस्टॅट ७० वरून ५५ वर आणला. चुनखडीही कमी बसते आणि भाजायची भीतीही कमी. अपार्टमेंटमध्ये काही जण पाणी मऊ करणारं यंत्र बसवतात. त्याने कॉइल स्वच्छ राहते हे खरं, पण अशा पाण्यात मॅग्नेशियमची सळई उलट लवकर संपते, तेव्हा यंत्र बसवलं म्हणून निर्धास्त होऊ नये. कॉइलवर थर बसलाच तर ती बाहेर काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवावी. संडास धुण्याचं ॲसिड वापरणारे आहेत. ते चुनखडीबरोबर तांबंही खातं.

सळई मात्र दोन वर्षांनी बघायचीच. नवा गिझर बसवणाऱ्या मिस्त्रीला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, वीस वर्षं हे काम करतोय, कुणी एनोड बदला म्हणून बोलावलं नाही. गिझर बदला म्हणूनच बोलावतात.’’ मग त्याने खिशातला स्केच पेन काढून गिझरच्या बुडाला तारीख लिहिली : ऑगस्ट २०२४. त्याप्रमाणे उघडली तेव्हा सळई दोन तृतीयांश शिल्लक होती आणि तळाशी वाटीभरच चुरा निघाला. मिस्त्रीने जुनी तारीख पुसून तिथे ऑगस्ट २०२६ लिहिलं. मुलीलाही तसंच करायला सांगितलं आहे. तिने गिझरवर अर्थिंग तपासायची तारीख लिहून ठेवली आहे, आणि तिथे टेस्टर धरायचं काम आता नातू करतो, पायात स्लिपर घालून.